फोटोतलं चौथं लेकरू

सदाशिवराव भोयर यांनी आपल्या मुलांचा फोटो घरच्या घरी, स्वतःच्या हातानं काढायचं ठरवलं, त्याच्या मुळाशी एक कान होता.

कान त्यांचाच. चोपन्न सालच्या वैशाखात आंजीला, म्हणजे सासुरवाडीला, त्यांच्या मेव्हण्याचं, बापूरावाचं लग्न झालं. वर्ध्याहून नत्थूजी फोटोवाले तीन पायांचा कॅमेरा घेऊन आले आणि सगळ्या घरादाराचा एक ग्रुप निघाला. थोरले जावई मधुकरराव (पुलगावचे पटवारी) मधोमध खुर्चीवर बसले. धाकटे जावई सदाशिवराव यांना उजव्या टोकाला उभं केलं. महिन्याभरानं फोटो मढवून आला, तेव्हा त्यात नवरा होता, नवरी होती, मधुकररावांच्या मिशा होत्या, मांडवाचा खांब होता, खांबाला बांधलेली शेळी होती, आणि अगदी कडेला सदाशिवरावांचा उजवा कान होता. बाकीचे सदाशिवराव चौकटीच्या बाहेर राहिले होते.

शेळी पूर्ण आली होती. कानापेक्षा त्यांना ते शेळीचं जास्त लागलं.

झालं, जावई रुसले. आता जावयाच्या रुसण्याची आपल्याकडे एक रीत आहे. त्यानं रुसावं, सासरच्यांनी दोनदा बोलवायला यावं, त्यानं दोनदा मान फिरवावी, मग एक धोतरजोडी यावी आणि त्यानं नाइलाजानं उठल्यासारखं करून उठावं. सगळं मिळून महिन्या-दीड महिन्याचं काम. पण सदाशिवराव सिंदी रेल्वे या गावी कापसाच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, सोळा वर्षं कारकून होते. कारकुनाच्या टेबलावर आलेला कागद लवकर हलत नाही, तसा त्यांचा रुसवाही हलेना. बापूराव बहिणीला न्यायला दोनदा आला. दोन्ही वेळा सदाशिवरावांनी त्याला ओट्यावरच गाठलं.

"ज्या घरी नवऱ्याचा निसता कान येते, त्या घरी बायको पुरी कशी जाईन?"

बापूराव धोतरजोडी ओट्यावर ठेवून परत गेला. धोतर सदाशिवरावांनी वापरलं, रुसवा तसाच ठेवला.

यात हाल झाले ते सुलोचनाबाईंचे. पौषात त्यांना तिसरं मूल झालं, शकू. नेमकी त्याच सुमारास आंजीला त्यांची आई, कौशल्याबाई, विहिरीच्या काठावर घसरून पडली आणि पाय मोडून बसली. तिला बारशाला येता आलं नाही, आणि जावयाच्या कानामुळे लेकीला जाता आलं नाही. शकू दहा महिन्यांची झाली, रांगायला लागली, दोन दात आले, आणि आजीनं नात पाहिली नव्हती. आंजीकडचं कोणी सिंदीच्या बाजारात आलं की आईचा निरोप घेऊन यायचं, 'लेकरू कसं दिसते?' सुलोचनाबाई सांगायच्या, 'बरं हाये.' आता 'बरं हाये' एवढ्यात नात किती दिसणार! निरोप्या गेला की त्या चुलीपाशी बसून उगीच फुंकर घालत राहायच्या आणि डोळे का लाल झाले म्हणून विचारलं तर धुराचं नाव सांगायच्या.

दसरा झाल्यावर आलेला निरोप मात्र वेगळा होता. "माय म्हणते, डोयाले कमी दिसून राह्यलं. पुरं दिसणं बंद व्हाच्या आधी लेकरं पाहू द्या. येणं जमत नसन त फोटू तरी धाडा."

सदाशिवराव काही दगडाचे नव्हते. (तसा प्रश्न पुढे निघणार आहे, पण तो पुढे.) हे ऐकून त्यांचा जेवणातला हात थांबला. सासूबाई चांगल्या होत्या, कान कापण्यात त्यांचा हात नव्हता. पण आता आपण होऊन आंजीला जायचं म्हणजे सतरा महिन्यांची मेहनत वाया. फोटो पाठवणं हेच उत्तम. आणि फोटो काढायला वर्ध्याला त्या नत्थूजीच्या दारात? प्राण गेला तरी नाही. शेवटी त्यांनी ताटावरच जाहीर केलं, "लेकरायचा फोटू मीच काढतो."

"तुम्ही?" सुलोचनाबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण त्यात बरंच आलं.

जिनाचे मॅनेजर भैयाजी यांनी नागपूरहून एक पेटीचा कॅमेरा आणला होता. आपल्या मोटारीचे आणि मोटारीजवळ उभ्या स्वतःचे फोटो काढून झाल्यावर त्यांचा त्यातला रस आटला होता. त्यांनी तो एका रविवारपुरता दिला, सोबत आठ फोटोंचा एक रोल आणि 'घरी मुलांचे फोटो कसे काढावेत' अशी एक इंग्रजी पुस्तिका. सदाशिवरावांचं इंग्रजी कापसाचं होतं. 'आपले कृपापत्र पावले, गाठी रवाना केल्या आहेत' हे ते झोपेतसुद्धा इंग्रजीत लिहीत. पुस्तिकेत गाठी कुठेच नसल्यामुळे त्यांना पहिले दोन दिवस जड गेले. पण तिसऱ्या दिवशी त्यांना सगळं शास्त्र कळलं, आणि शास्त्र कळलेल्या माणसाच्या घरातल्यांना जे भोगावं लागतं ते सुरू झालं.

"नत्थूजी कुठी चुकते मालूम हाये का तुले?" ते भाकरी थापणाऱ्या बायकोला म्हणाले. "तो म्हणते, हालू नका! आता जे हालत नाई ते लेकरू कायचं? लेकरू आपल्या रंगात खेळून राह्यलं पाह्यजे, अन् आपण त्याले टिपलं पाह्यजे."

"हालून राह्यलं त टिपाल कसं?"

"तेच त शास्त्र हाये," सदाशिवराव म्हणाले आणि घाईघाईनं पान उलटलं.

रविवारी सकाळी सुलोचनाबाईंनी तिन्ही मुलांना न्हाऊ घातलं. आठ वर्षांच्या दिवाकरच्या डोक्यावर तेल थापून भांग पाडला, पाच वर्षांच्या कांताला लाल रिबीन बांधली, शकूला झबलं घातलं. मुलं साडेसातला तयार होती. पण पुस्तिकेत लिहिलं होतं की मुलांच्या मागे पसारा नसावा. सदाशिवरावांनी अंगणाकडे शास्त्रीय नजरेनं पाहिलं, तर अंगण म्हणजे सगळा पसाराच. मग त्यांनी बाज उचलली, रांजण हलवला, जळणाच्या पऱ्हाट्या घरात नेऊन रचल्या, दोऱ्या सोडल्या, वाळत घातलेल्या मिरच्या गोळा केल्या. तुळस तेवढी बांधलेली होती म्हणून वाचली. कुंपणापलीकडून यशोदाबाई हे सगळं बघत होत्या. शेजारची ही म्हातारी बाई सुलोचनाबाईंना आईच्या जागी होती आणि सदाशिवरावांना पोलिसाच्या.

"काहो सदाशिवराव, घर सोडून राह्यले का?"

"फोटू काढून राह्यलो."

"मंग घराचा काढा ना. सारं आंगण त घरातच गेलं."

अंगण मोकळं झालं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मुलं तोपर्यंत पऱ्हाट्यांच्या ढिगात खेळून मूळ रंगावर आली होती.

पहिला फोटो कॅमेऱ्यानं आपणहून काढला. सदाशिवराव दांडी कोणती ते बघत होते, ती हीच निघाली. त्यात त्यांचा गुडघा आला असावा. दुसरा फोटो सूर्य पाठीशी घेऊन काढला, कारण तसं छापलेलं होतं.

"आवो, तुमची सावली पोरायच्या आंगावर पडून राह्यली."

"सूर्य पाठीशीच पाह्यजे. पुस्तकात हाये."

"पुस्तकात सावली नाई का हाये?"

सदाशिवरावांनी दांडी ओढली. मुलांच्या जागी टोपी घातलेला एक काळा माणूस आला, पण ते पुढे कळलं. तिसऱ्या फोटोसाठी त्यांनी मुलांना खेळायला सांगितलं. 'खेळा' म्हटल्याबरोबर दिवाकर आणि कांता हात खाली सोडून, छाती काढून, शाळेतल्या कवायतीसारखी ताठ उभी राहिली.

"असे नाई रे! नैसर्गिक व्हा!"

दिवाकरनं विचारलं, "बाबा, नैसर्गिक म्हंजे चड्डी ठेवाची का काढाची?"

"नैसर्गिक म्हंजे..." सदाशिवरावांचा आवाज चढला. "हासा! खेळा! बिलकुल मोकये व्हा म्हणतो ना! नाई त एक एक ठेवून दीन!"

कांता मोकळी होऊन भोकाड पसरून रडायला लागली. तो तिसरा.

मग आलं पुस्तिकेचं पान नऊ. फोटो काढणाऱ्यानं मुलाच्या उंचीवर यावं. शकूची उंची वीतभर, ती रांगत होती. सदाशिवराव धोतर सावरून पोटावर आडवे झाले. झाले ते नेमके जिथे सकाळपर्यंत मिरच्या वाळत होत्या तिथे. कॅमेऱ्यात डोळा घातला, शकू नजरेत आली, दांडीवर बोट टेकलं आणि शिंक आली. पुन्हा नेम धरला, पुन्हा शिंक. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा शिंक आवरली, पण तोवर शकूनं रांगत येऊन कॅमेऱ्याची काच चाटली होती. चार फोटो मिरचीनं खाल्ले.

उन्हं कलली. रोलमध्ये एकच फोटो उरला. सोमवारी कॅमेरा भैयाजींना परत. सदाशिवराव पायरीवर लाल नाक धरून बसले होते. सुलोचनाबाईंनी एकदा पेटीकडे पाहिलं. त्या एका फोटोवर आपल्या आईचं बघणं आहे, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण मुलांची तोंडं पुन्हा धुतली, लिंबाच्या सावलीत सतरंजी टाकली, दिवाकरला एका बाजूला बसवलं, कांताला दुसऱ्या, आणि शकूला कांताच्या मांडीवर दिलं.

"घ्या आता. पुस्तक ठेवा तिकडं."

तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला, "अवं माय! तिघायचा एकच फोटू?"

तिघांचा एकत्र फोटो काढू नये, तिघांतल्या एकाला बाधतं, हे यशोदाबाईंना जितकं ठाऊक होतं तितकंच सुलोचनाबाईंनाही. दिवसभराच्या गडबडीत तेवढं विसरलं होतं.

"यशोदाबाई, हे पंचावन्न साल हाये," सदाशिवराव म्हणाले.

"साल कोणतंबी राहो. तीन ते तीन."

"मी नाई काढू देत," सुलोचनाबाईंनी शकूला उचललंच. "मायले दिसणं बंद होऊन राह्यलं, अन् तिले मी तिघायचा फोटू धाडू? चवथं कोणी पाह्यजे." मग जरा थांबून हळूच म्हणाल्या, "मी बसू का? मायले मीबी दिसली असती."

इथे सदाशिवरावांनी 'हो' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि चांगली संपली असती. पण पुस्तिकेच्या पान चारवर लिहिलं होतं की मुलांच्या फोटोत मोठी माणसं आली की मुलांचं मूलपण झाकोळतं. त्यांनी पान चार वाचून दाखवलं. सुलोचनाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या बाजूला सरकल्या.

तोड काढली यशोदाबाईंनी. "वरवंटा ठेवा."

"काय?"

"वरवंटा. बारशाले पाळण्यात लेकराच्या आधी कोणाले निजवतो आपण? वरवंट्यालेच ना? त्याले कुंची घालतो, काजळ लावतो, पाळण्याखालून देतो-घेतो. तवा तो लेकरू होते. मंग आता काऊन नाई होत?"

सदाशिवरावांनी पुस्तिका चाळली. वरवंट्याबद्दल तिच्यात बाजूनं किंवा विरुद्ध काहीच नव्हतं.

सुलोचनाबाईंनी चटणीचा वरवंटा धुऊन आणला. यशोदाबाईंनी त्याला शकूची झालरीची कुंची घातली, काजळानं दोन डोळे काढले आणि नजर लागू नये म्हणून गालावर तीटसुद्धा लावली. वरवंटा एका बाजूला कलंडत होता, म्हणून त्याला दिवाकर आणि कांताच्या मधोमध टेकवून बसवला. शकूला पुन्हा कांताच्या मांडीवर दिलं, कॅमेरा पाटावर ठेवला. आता प्रश्न उजेडाचा. सावलीत फोटो काढायचा तर दुसरी दांडी वर करून, कॅमेऱ्याचा डोळा तीन मोजेपर्यंत उघडा ठेवायचा, असं पुस्तिका सांगत होती. तीन मोजणं सदाशिवरावांना काय कठीण! सोळा वर्षं ते जिनाच्या काट्यावर कापसाची मापं मोजत आले होते.

पण काट्यावर मोजायची एक पद्धत असते. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ते गाऊन म्हणायचं, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणायचं, आणि पुढचा कापूस काट्यावर चढेपर्यंत लांबवायचं. सदाशिवरावांनी डोळा उघडला आणि सोळा वर्षांचा गळा आपोआप लागला.

"लाऽऽऽभ! लाभ हाये, लाऽऽभ!"

दिवाकरनं नाकावरची माशी हाकलली.

"दोऽऽऽन! दोन हाये, दोऽऽन!"

कांतानं माशी कुठे गेली ते वळून बघितलं. शकूला कुंचीची झालर दिसली, ती खायला ती मांडीवरून निघाली.

"तीऽऽऽन!"

"तीन हाये, तीऽऽन!" दिवाकरनं उठून साथ दिली.

चौघांत एकच जण पापणी न हलवता समोर बघत बसला होता.

रोल धुवायचा तर वर्ध्यालाच, आणि वर्ध्यात सदाशिवरावांच्या माहितीचे फोटोवाले एकच. जिनाच्या कामानं वर्ध्याला गेले तेव्हा त्यांनी ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात डोक्याला मफलर गुंडाळला, कान झाकले (नत्थूजींनी त्यांचं तेवढंच पाहिलं होतं, ओळखतील म्हणून) आणि रोल दिला. आठवड्यानं पुन्हा मफलर बांधून गेले.

"बाबूजी, सात त गेले," नत्थूजी म्हणाले. "हा आठवा. यातबी तीन पोट्टे हालले. या पोट्ट्याले तीन डोस्के दिसते. या पोरीची निसती रिबीन आली. हा इकडं धूर दिसते, तो काय हाये?"

"शकू," सदाशिवराव पुटपुटले.

"पण हे मधातलं! वा! काय बसलं हाये! डोये पाहा, टक लावून. वीस वर्सं झाले धंद्यात, असं गुणी लेकरू मी नाई पाह्यलं. कोणाचं हाये जी?"

खरं सांगायची ही वेळ होती. पण दिवसभराच्या शिंकांनंतर पहिल्यांदाच कोणीतरी वा म्हणत होतं, आणि तेही नत्थूजी!

"आमचंच," सदाशिवराव म्हणाले आणि मफलर घट्ट केला.

घरी सुलोचनाबाईंनी फोटो उजेडाकडे धरून पाहिला. धुराच्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे शकू?" मग म्हणाल्या, "मायनं विचारलं, हे चवथं कोण, त?"

"लिवतो ना पत्रात."

ते लिहायला बसले. सगळं सुबक अक्षरात लिहिलं. सर्व खुशाल, फोटो घरीच शास्त्रोक्त काढला आहे, इत्यादी. चौथ्यापाशी मात्र लेखणी अडली. पत्र वाचणार बापूराव. तो ते मधुकररावांना सांगणार. पुस्तिका वाचून फोटो काढणाऱ्या माणसानं मुलांत वरवंटा बसवला, हे पुलगावच्या पटवाऱ्याला कळणार! सदाशिवरावांनी विचार करकरून शेवटी लिहिलं : 'चौथ्याची हकीकत पत्रात लिहिण्यासारखी नाही. समक्ष भेटीत कळेलच.'

आणि त्यांना वाटलं, आपण फार हुशारीनं वेळ निभावली.

पाच दिवसांनी दुपारी दारात बैलबंडी थांबली. आधी बापूराव उतरला. मग दोन डबे, एक गाठोडं आणि एक पत्र्याची पेटी उतरली. मग बापूरावाच्या खांद्याला धरून, काठी टेकत, दहा महिने घराबाहेर न पडलेली कौशल्याबाई उतरली. सदाशिवराव जेवायला घरी आले होते. ते हात न धुताच ओट्यावर आले. रुसलेल्या जावयाकडे सासू आपण होऊन आली म्हणजे जंगी विजय, असा एक विचार त्यांच्या मनात आला. तो फार टिकला नाही.

"जवाईबापू," कौशल्याबाई फाटकातूनच म्हणाली, "तुमच्यासमोर बोलू नाई, पण आज बोलतो. शकू दहा महिन्यांची, अन् त्यातच दुसरं? माणसानं काई धीर धरावं का नाई?"

सदाशिवरावांनी उष्टा हात पाठीमागे नेला.

"सारी आंजी बोटं मोजून राह्यली! अन् 'पत्रात लिहिण्यासारखी नाई' म्हणता. लाज वाटली म्हूनच नाई लिवलं ना? पोरीचे दोन बाळंतपणं झाले एका सालात, अन् तिच्याजवळ कोणी नाई, अन् तुम्ही कान धरून बसले!"

सुलोचनाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. आईनं ओट्यावर बसून त्यांना हातानं चाचपलं, दंड बघितले, गाल बघितले. "वाळली माही पोर. डिंकाचे लाडू आणले, मेथीचे आणले. अळीव हाये. त्याले नवं टोपरं शिवलं. कुठी हाये तो? आण त्याले."

"कोण वं माय?"

"तो! मधातला!"

मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. दिवाकरला मात्र यात कोड्यासारखं काहीच वाटलं नाही. तो आत गेला, पाट्यावर अर्धी वाटलेली चटणी होती तिथून वरवंटा उचलला आणि दोन्ही हातांनी आणून आजीच्या मांडीवर ठेवला.

"हा घे."

कौशल्याबाईनं वरवंटा चाचपला. त्याला तोंड शोधलं. बोट जिभेला लावून पाहिलं. लसूण आणि मिरची होती. बापूरावानं तोंडात उपरण्याचा बोळा घातला. कुंपणापलीकडून यशोदाबाई खणखणीत आवाजात सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला लागल्या, पान नऊ आणि शिंकांसकट.

म्हातारी आधी हसली. हसता हसता तिनं काठी खाली टाकली. ती कोणीतरी ओढत होतं म्हणून तिनं हात खाली नेला, तर दोन दातांची शकू काठी खायला बघत होती. कौशल्याबाईनं तिला उचलून अगदी डोळ्यांपाशी धरलं, इतकं जवळ की नाकाला नाक लागलं. शकूनं तिची नथ पकडली. "हे धूर व्हय?" कौशल्याबाई म्हणाली, "हे धूर होतं व माय?" आणि रडायला लागली. सुलोचनाबाईही रडल्या, आणि या वेळी चूल पेटलेली असूनही धुराचं नाव कोणी घेतलं नाही.

सदाशिवराव उष्टा हात तसाच वाळवत कोपऱ्यात उभे होते. त्यांना फार वाईट वाटलं, आणि पुस्तिकेत यावर काही नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "फोटूत चवथं नीट दिसलं नसन तुम्हाले, म्हून..."

"दिसलं ना. तेच एक दिसलं." म्हातारीनं डोळे पुसले. "आमच्या शेजारच्या धुरपतेले मी तवाच म्हणलं, हे लेकरू जवाईबापूवर गेलं. कोणी कितीबी बोलवा, जागचं हालत नाई."

यानंतर रुसवा चालवायला सदाशिवरावांजवळ काही आधार उरला नाही. त्या दिवाळीला ते बायकोमुलांना घेऊन आंजीला गेले. धोतर बापूरावानं दिलेलंच नेसले होते.

भाऊबीजेची पंगत बसली. समोरच्या भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी टांगलेले होते. एक लग्नातला, मढवलेला. दुसरा छोटा, पाटीच्या चौकटीत बसवलेला. सासूबाईंनी तो मुद्दाम टांगला होता. सदाशिवराव टोपी घालून पाटावर ताठ बसले आणि भिंतीकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं. शेजारची धुरपताबाई वाढायला आली होती. ती भिंतीपाशी थबकली.

"काहो कौशल्याबाई, हे लहान्या फोटूत मधात कोण बसलं म्हणता? लेकरू नाई ना ते?"

"ते आमचे धाकले जवाई," कौशल्याबाई वरणाचं भांडं हातात घेऊन म्हणाली. "त्या लग्नाच्या फोटूत त्याईचा निसता कान आलता. मनाले लागलं त्याईच्या. म्हून या फोटूत मी त्याईले मधात बसवलं."

धुरपताबाईनं फोटोकडे पाहिलं. मग वळून सदाशिवरावांकडे पाहिलं, टोपीपासून खालपर्यंत.

"हाव व माय," ती म्हणाली. "तोंडवळा तसाच हाये."

सगळी पंगत हसत सुटली. मधुकररावांच्या मिशांतून कढी नाकात गेली. सदाशिवरावांच्या मनात आलं, पुन्हा रुसावं, आत्ता, इथेच, ताटावर. पण रुसायचं म्हणजे मान ताठ करून, तोंड मिटून, समोर टक लावून न हलता बसायचं, आणि समोर भिंतीवर तो फोटो होता. त्यांनी पटकन मान हलवली, डोळे मिचकावले, उजवीकडे वळून मीठ मागितलं, डावीकडे वळून लिंबू मागितलं, आणि जेवण संपेपर्यंत ते एक क्षणही स्थिर बसले नाहीत.